परक्यांनी रंगवलेली अमेरिका

जून १९४८. अमेरिकी सरकारने ११७ चित्रे विक्रीला काढली. दुसरे महायुद्ध संपून तीन वर्षे होत आली होती आणि लष्कराचा उरलासुरला माल निकालात काढण्यासाठी एक स्वतंत्र सरकारी यंत्रणा काम करत होती. ही चित्रे तिच्याच हवाली झाली. युद्धातील शिल्लक मालाला जे नियम, तेच चित्रांनाही लागू झाले. शिक्षणसंस्थांना किमतीत ९५ टक्के सूट हा त्यांतलाच एक नियम. दोनच वर्षांपूर्वी परराष्ट्र खात्याने यांतल्या ७९ तैलचित्रांसाठी ४९,००० डॉलर मोजले होते. आता सगळी ११७ मिळून हाती आले ते जेमतेम साडेपाच हजार डॉलर.

सरकारवर आपलीच चित्रे अशी फुंकून टाकण्याची वेळ का आली?

१९४६ साली परराष्ट्र खात्याने ‘अ‍ॅडव्हान्सिंग अमेरिकन आर्ट’ या नावाचे फिरते प्रदर्शन उभे केले. अमेरिका म्हणजे केवळ कारखाने आणि डॉलर नव्हेत, तिथे कलाही निर्माण होते, हे युरोपला आणि दक्षिण अमेरिकेला दाखवणे हा त्यामागचा हेतू. पुढच्याच वर्षी ‘लुक’ या लोकप्रिय नियतकालिकाने त्यातली काही चित्रे छापली आणि ती करदात्यांच्या पैशातून घेतलेली आहेत, असे मथळ्यातच बजावले. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गदारोळ झाला. चित्रे वेडीवाकडी आहेत, चित्रकार डाव्या विचारांचे आहेत, या आक्षेपांबरोबर आणखी एक आक्षेप वारंवार येत राहिला. यांतले कितीतरी चित्रकार अमेरिकेत जन्मलेलेच नाहीत. मग यांची कला अमेरिकन कशी?

सर्वाधिक टिंगल झाली ती एका सर्कशीतल्या मुलीच्या चित्राची. आखूड कपड्यांतली, भरल्या अंगाची, खेळ संपवून विसावलेली मुलगी. १९२५ सालचे चित्र. खुद्द राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी त्याची जाहीर खिल्ली उडवली. चित्रकाराचे नाव यासुओ कुनियोशी. जन्म जपानमधल्या ओकायामाचा. तोवर त्यांना अमेरिकेत राहून चाळीस वर्षे झाली होती, पण ते अमेरिकेचे नागरिक नव्हते. अमेरिकेचा कायदा त्यांना नागरिक होऊ देत नव्हता.

कुनियोशींची कहाणी पुढे येईलच. त्याआधी तो आक्षेप तपासून पाहायला हवा. अमेरिकन चित्रकला नावाची जी वस्तू काँग्रेसचे हे सभासद परक्यांपासून वाचवू पाहत होते, ती मुळात घडवली कोणी?

त्यासाठी जवळपास दीडशे वर्षे मागे, इंग्लंडमधल्या लँकाशर परगण्यात जावे लागते. बोल्टन हे तिथले कापडगिरण्यांचे गाव. १८०१ साली याच गावात थॉमस कोल जन्मला. कापडावरच्या छपाईसाठी नक्षी कोरण्याचे काम तो लहानपणीच शिकला. तो अकरा वर्षांचा असताना जवळच्याच वेस्टहॉटन इथली वाफेवर चालणारी गिरणी संतप्त कामगारांनी जाळली. यंत्रांनी पोटावर पाय दिलेल्या लोकांचा तो उद्रेक होता आणि त्यापायी चौघांना फाशी झाली. धुराने काळवंडलेले आकाश, भकास झालेली माळराने आणि भुकेची दंगल या वातावरणात कोल वाढला. १८१८ साली वडिलांचे बस्तान इंग्लंडमध्ये बसेना, म्हणून हे कुटुंब अमेरिकेला आले.

१८२५ साली कोल हडसन नदीच्या काठाने वर गेला आणि कॅट्सकिलच्या डोंगरांत भटकला. परत येऊन त्याने काढलेली निसर्गचित्रे न्यूयॉर्कच्या एका दुकानात मांडली गेली. तीन चित्रे घेतली जॉन ट्रम्बुल, विल्यम डनलॅप आणि अ‍ॅशर ड्युरँड या तिघांनी. तिघेही अमेरिकेत जन्मलेले आणि कलाक्षेत्रात वजन असलेले. ट्रम्बुल तर अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची चित्रे काढणारा नामवंत चित्रकार. जे डोंगर ते जन्मापासून जाणत होते, त्यांच्याकडे या पोराच्या डोळ्यांनी पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली. अमेरिकेची पहिली स्वतःची अशी जी चित्रपरंपरा मानली जाते, त्या ‘हडसन रिव्हर स्कूल’चा आरंभ इथून सांगितला जातो.

कोलला त्या अरण्यात असे काय दिसले, जे इतरांना दिसले नव्हते? अमेरिकेत जन्मलेल्या माणसाला जंगल ही तोडायची, नांगराखाली आणायची गोष्ट वाटे. जंगल तुटून गेल्यावर काय उरते, ते कोल पाहून आलेला होता. १८३६ साली त्याने अमेरिकेच्या निसर्गावर एक निबंध लिहिला. त्यात देशाच्या सौंदर्याचे गुणगान आहेच, पण कुऱ्हाडीबद्दलचा विषाददेखील आहे. त्याच वर्षीचे त्याचे ‘ऑक्सबो’ हे चित्र पाहावे. कनेटिकट नदीचे मोठे वळण उंचावरून दिसते आहे. डावीकडे वादळ, मोडलेली झाडे, घनदाट रान. उजवीकडे लख्ख उन्हात चौकटी-चौकटींची शेते. आणि मधोमध, खडकांच्या सांदीत, मुंगीएवढा एक माणूस टोपी घालून चित्र काढत बसलेला. तो कोल स्वतः. कुठल्याही एका बाजूला तो बसलेला नाही.

‘द कोर्स ऑफ एम्पायर’ ही त्याची पाच चित्रांची मालिकाही याच काळातली. एकच खाडी, एकच डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी एका साम्राज्याचा उदय, वैभव, विध्वंस आणि शेवटी वेलींनी वेढलेला एकाकी स्तंभ. चढत्या उमेदीच्या अमेरिकेला असे चित्र दाखवायला धारिष्ट हवे. गंमत अशी, की १८२९ साली कोल काही वर्षांसाठी युरोपला निघाला, तेव्हा त्याचा मित्र कवी विल्यम ब्रायंट याने एक सुनीत लिहून त्याला सावध केले, की युरोपच्या झगमगाटात अमेरिकेच्या रानाचे रूप विसरू नकोस. ज्याला हा इशारा दिला तो इंग्लंडला, आपल्या जन्मभूमीला, चालला होता, आणि याचे ब्रायंटला काही वाटलेही नाही. कोल त्यांचा झाला होता. १८३४ साली त्याने नागरिकत्व घेतले. तो गोरा होता, त्यामुळे त्यात काही अडचण आली नाही.

दुसरे उदाहरण याहून ठळक आहे. अमेरिकेच्या शाळकरी पोरांना जे ऐतिहासिक चित्र हमखास माहीत असते, ते ‘वॉशिंग्टन क्रॉसिंग द डेलावेअर’. बर्फाचे तुकडे वाहणारी नदी, होडीत ताठ उभा जॉर्ज वॉशिंग्टन, मागे फडकणारा झेंडा. हे चित्र काढले गेले जर्मनीत, ड्युसेलडॉर्फ शहरात. चित्रकार इमॅन्युएल लॉइत्से हा जर्मनीत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेला गेलेला आणि तरुणपणी कला शिकायला पुन्हा जर्मनीला आलेला. १८४८ साली युरोपभर लोकशाहीसाठी उठाव झाले आणि चिरडले गेले. हताश झालेल्या आपल्या जर्मन बांधवांना लॉइत्सेला सांगायचे होते, की वॉशिंग्टनचीही अशीच काळरात्र झाली होती आणि तरीही तो नदी ओलांडून गेला. त्याच्या स्टुडिओत आलेला वर्दिंग्टन व्हिट्रेज हा अमेरिकी चित्रकार वॉशिंग्टनसाठीही तसाच उभा राहिला आणि सुकाणू धरणाऱ्या माणसासाठीही.

इतिहासाच्या कसोटीवर चित्रात चुका आहेत. नदी ओलांडली गेली १७७६ च्या नाताळच्या रात्री. चित्रातला ताऱ्यांचा झेंडा मात्र स्वीकारला गेला १७७७ च्या जूनमध्ये. पण होडीतली माणसे पाहिली, की लॉइत्सेचा मनोदय कळतो. एकाच्या डोक्यावर स्कॉटलंडची टोपी आहे, वॉशिंग्टनच्या जवळच एक कृष्णवर्णीय वल्हे मारतो आहे, सीमाभागातले शेतकरी आहेत. सगळे जण वेगवेगळ्या दिशांनी जोर लावत आहेत. १८५१ साली हे चित्र न्यूयॉर्कमध्ये मांडले गेले, तेव्हा पन्नास हजारांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज ते मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याआधीची, आगीत होरपळलेली पहिली प्रत जर्मनीतच राहिली; १९४२ साली ब्रेमेनवरच्या ब्रिटिश बाँबहल्ल्यात ती नष्ट झाली.

मग पश्चिमेचे पर्वत. रॉकी पर्वतांची अजस्र चित्रे काढून श्रीमंत झालेला अल्बर्ट बिअरश्टाट जर्मनीतल्या झोलिंगेनचा. यलोस्टोनची चित्रे काढणारा थॉमस मोरान तर कोलच्याच बोल्टन गावचा. गिरणगावातून आलेल्या या मोरानने १८७१ च्या सरकारी मोहिमेपूर्वी कधी घोड्यावर मांडही टाकली नव्हती. खोगीरावर उशी घेऊन तो बसे, अशी आठवण त्याच्या सोबत्याने नोंदवली आहे. त्याची जलरंगातली चित्रे आणि विल्यम जॅक्सनची छायाचित्रे काँग्रेसच्या सभासदांपुढे ठेवली गेली आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. मोरानचे प्रचंड तैलचित्र काँग्रेसने १०,००० डॉलर देऊन विकत घेतले. पुढे तो आपल्या स्वाक्षरीत ‘यलोस्टोन’चे अक्षर मिरवू लागला.

एक गोष्ट मात्र इथेच नोंदवायला हवी. या चित्रकारांनी ज्याला अस्पर्श अरण्य म्हणून रंगवले, ते रिकामे नव्हते. बिअरश्टाटच्या एका विख्यात चित्रात शोशोनी लोकांची वस्ती आहे खरी, पण ती पर्वताच्या पायथ्याशी शोभेपुरती. यलोस्टोनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शोशोनींना उद्यान झाल्यानंतर काही वर्षांतच तिथून हलवले गेले. बाहेरून आलेल्या चित्रकाराने देशाला त्याचे रूप दिले हे खरे, आणि त्या रूपातून मूळचे लोक हळूहळू पुसट झाले हेही तितकेच खरे.

एकोणिसाव्या शतकातल्या या सर्व चित्रकारांना अमेरिकन म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. अडखळायला लावणारा कायदा मात्र जुनाच होता. १७९० च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या माणसाला नागरिक व्हायचे तर तो स्वतंत्र आणि गोरा असावा लागे. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांना ती वाट खुली झाली. आशियाई माणूस दोन्हींत बसत नव्हता. १८८२ साली चिनी मजुरांना देशाचे दारच बंद झाले. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाने आपण रंगाने गोरेच आहोत असा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद न्यायालयापुढे उभे होते. (हे आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत, हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले पंजाबी शीख.) त्यांचा युक्तिवाद सरळ होता: वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय माणूस कॉकेशियनच ठरतो. तेव्हा त्याच न्यायालयाने वंशशास्त्र बाजूला सारले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणेल तोच गोरा, असा निकाल दिला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही मग नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लागला; तो लढून त्यांनी आपले नागरिकत्व टिकवले. इतर अनेक भारतीयांना ते गमवावे लागले.

१९२४ च्या कायद्याने या सर्वांवर शिक्कामोर्तब झाले. प्रत्येक देशाचा कोटा ठरला, तोही १८९० च्या जनगणनेच्या आधारावर. त्या साली पूर्व आणि दक्षिण युरोपातले लोक अमेरिकेत थोडे होते, म्हणून ते साल निवडले गेले. जे नागरिक होण्यास अपात्र, त्यांना प्रवेशच नाही. म्हणजे आशिया जवळपास पूर्ण बंद.

आता या कायद्याच्या आगेमागे आलेली तीन माणसे पाहू.

मार्क रॉथको १९१३ साली आला. मूळ नाव मार्कुस रोथकोविच, आजच्या लॅटव्हियातल्या, पण तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या द्विन्स्क शहरातला ज्यू मुलगा. वय दहा. अमेरिकेत पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत वडील वारले.

अर्शिल गॉर्की १९२० साली आला. मूळ नाव वोस्तानिक अदोयान, वान सरोवराकाठच्या खोरकोम गावचा आर्मेनियन. तुर्कस्तानातल्या आर्मेनियनांच्या संहारातून जीव वाचवून पळालेल्या या कुटुंबात आई शुशान १९१९ साली येरेवानमध्ये उपासमारीने गेली. अमेरिकेत येऊन त्याने नाव बदलले आणि आपण रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की यांचे नातलग आहोत अशी थाप मारू लागला. मॅक्झिम गॉर्की हेच मुळी टोपणनाव होते, तेव्हा त्या आडनावाचा नातलग असणे शक्यच नव्हते. पण निर्वासिताला एखादे मोठे घराणे लागते, आणि ते नसेल तर तो रचतो.

विलेम डी कूनिंग १९२६ साली आला, तोही चोरून. हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा हा तरुण ‘शेली’ नावाच्या मालवाहू जहाजात लपून व्हर्जिनियाच्या बंदरात उतरला. कोट्याचा कायदा होऊन दोन वर्षे झाली होती. होबोकेनमध्ये त्याने घरे रंगवण्याचे काम धरले. पुढे १९४० च्या दशकात त्याने जी काळी-पांढरी अमूर्त चित्रे काढली, त्यांत घरांना लावायचा स्वस्त एनॅमल रंगच वापरला, कारण कलावंतांचे महागडे रंग परवडत नव्हते.

महामंदीत सरकारने बेकार चित्रकारांना काम देण्याची योजना काढली. गॉर्कीला नेवार्क विमानतळाच्या इमारतीत उड्डाण या विषयावर भित्तिचित्रे काढायला मिळाली. डी कूनिंगही योजनेत होता, पण सरकारी पगार फक्त नागरिकांना हे धोरण कडक झाले आणि त्याला बाहेर पडावे लागले. गॉर्कीच्या दहा भित्तिचित्रांवर युद्धकाळात, विमानतळ लष्कराकडे गेल्यावर, रंग फासला गेला; १९७३ साली त्यांतली फक्त दोन रंगाच्या थरांखाली सापडली. १९४२ साली हाच गॉर्की न्यूयॉर्कमध्ये छद्मावरणाचा वर्ग घेत होता. शत्रूच्या विमानांना आपली ठाणी दिसू नयेत म्हणून ती कशी रंगवावी, हे तो शिकवत होता.

गॉर्कीकडे एक छायाचित्र होते. १९१२ साली वानमध्ये काढलेले. आई खुर्चीत बसलेली, शेजारी हातात फुले घेतलेला मुलगा. वडील आधीच अमेरिकेला गेले होते. त्यांनी आपल्याला विसरू नये म्हणून ते काढून पाठवलेले. यावरून गॉर्कीने दोन तैलचित्रे करायला घेतली आणि दहा-दहा वर्षे ती संपवली नाहीत. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. आईचा चेहरा देवीच्या मूर्तीसारखा स्थिर झाला, पण हात? हात दोन्ही चित्रांत फिकट, बोटे नसलेले, पुसून टाकल्यासारखे. आज एक चित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, दुसरे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात. उपाशी मेलेली एक आर्मेनियन बाई अमेरिकेच्या दोन मोठ्या संग्रहालयांतून जगाकडे पाहते आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत झालेली याहून चांगली व्यक्तिचित्रे फार थोडी असतील.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकलेची जी लाट आली, तिने पॅरिसचे सिंहासन हलवले. १९५८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ‘द न्यू अमेरिकन पेंटिंग’ नावाचे प्रदर्शन युरोपातल्या आठ देशांत फिरवले. त्यात सतरा चित्रकार होते. गॉर्की, डी कूनिंग, रॉथको, पोलंडमध्ये जन्मलेला जॅक ट्वोरकोव्ह, कॅनडात जन्मलेला फिलिप गस्टन. म्हणजे नव्या अमेरिकन चित्रकलेच्या सतरा प्रतिनिधींपैकी पाच जण अमेरिकेबाहेर जन्मलेले. गॉर्की हे पाहायला नव्हता. १९४८ साली त्याने जीवन संपवले होते. डी कूनिंगला नागरिकत्व मिळाले १९६२ साली, आणि दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचे सर्वोच्च नागरी पदक.

चोरून आलेल्या डी कूनिंगला ही वाट कायद्याने मोकळी होती. आता कुनियोशी.

१९०६ साली सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा एकटाच अमेरिकेत आला आणि रेल्वेच्या यार्डात, हॉटेलांत पडेल ते काम करू लागला. इंग्रजी येईना, म्हणून शाळेत तो चित्र काढून आपले म्हणणे सांगे. ते पाहून एका शिक्षकाने त्याला चित्रकला शिकायला सुचवले. न्यूयॉर्कच्या ‘आर्ट स्टूडंट्स लीग’मध्ये तो शिकला आणि पुढे तिथेच वीस वर्षे शिकवले. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत गाई फार. जपानी पंचांगाप्रमाणे आपला जन्म गाई-बैलाच्या वर्षातला, म्हणून त्या आपल्या वाटतात, असे तो सांगे. मेन किनाऱ्यावरच्या जुन्या घरांतली अमेरिकी लोकचित्रे आणि जपानी शाईचित्रांतला वरून खाली पाहणारा डोळा यांचा असा संसार त्याने मांडला, की कोणते कुठले हे सांगणे अवघड व्हावे.

१९१९ साली त्याने कॅथरिन श्मिट या सहविद्यार्थिनीशी लग्न केले. ती अमेरिकेत जन्मलेली. परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व तेव्हाच्या कायद्याने जाई. तसे तिचेही गेले. म्हणजे या लग्नाने नवऱ्याला देश मिळाला नाहीच, बायकोचाही गेला.

१९२९ साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हयात असलेल्या एकोणीस अमेरिकन चित्रकारांचे प्रदर्शन भरवले, त्यात कुनियोशींना घेतले. हे अमेरिकन कसे, म्हणून कुरकुर तेव्हाही झाली. १९३१ साली आजारी वडिलांना भेटायला ते जपानला गेले, तर तिथेही ते परकेच वाटले. आणि मग ७ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि कुनियोशी ‘शत्रुदेशीय परकीय’ ठरले. बँकेतले पैसे गोठवले गेले, कॅमेरा आणि दुर्बीण जप्त झाली. चित्रकार मित्र जॉर्ज बिडल याला त्यांनी लिहिले, की थोड्या दिवसांत आपले या देशातले स्थान बदलले, आपण मात्र तिळमात्र बदललो नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. कुनियोशी न्यूयॉर्कला होते म्हणून त्यातून वाचले. याच काळात त्यांनी अमेरिकी सरकारसाठी जपानी लष्करशाहीविरुद्ध भित्तिपत्रकांची चित्रे काढली आणि जपानी जनतेला उद्देशून नभोवाणीवर भाषणे केली. १९४४ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. युद्ध चालूच होते.

१९४८ हे वर्ष त्यांच्यासाठी विलक्षण ठरले. अमेरिकन कलेसाठीच स्थापन झालेल्या व्हिटनी संग्रहालयाने त्यांच्या समग्र कामाचे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले. हयात चित्रकाराला असा मान देण्याची त्या संस्थेची ही पहिलीच वेळ. आणि त्याच वर्षी सरकारने त्यांची सर्कशीतली मुलगी शिल्लक मालात विकली. अलाबामा राज्यातल्या ऑबर्नच्या महाविद्यालयाने ३६ चित्रे हजारेक डॉलरांत उचलली, त्यात ती गेली. आजही ती तिथल्या संग्रहालयात आहे. पुढच्या वर्षी मिशिगनचे जॉर्ज डोंडेरो काँग्रेसमध्ये उभे राहून म्हणत होते, की आधुनिक कलेचे सगळे पंथ परदेशातून आलेले आहेत आणि ती साम्यवाद्यांची शस्त्रे आहेत.

चिनी लोकांना नागरिकत्वाची वाट १९४३ साली खुली झाली, भारतीयांना १९४६ साली. जपानी अजून बाहेरच होते. १९५२ च्या उन्हाळ्यात व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात चार कलावंत होते: अलेक्झांडर काल्डर, स्टुअर्ट डेव्हिस, एडवर्ड हॉपर आणि यासुओ कुनियोशी. त्याच जूनमध्ये काँग्रेसने नवा कायदा केला आणि नागरिकत्वावरची वंशाची अट काढून टाकली. देशवार कोटा त्यात तसाच राहिला, म्हणून ट्रुमन यांनी तो नाकारला होता. काँग्रेसने त्यांचा नकार ओलांडून तो मंजूर केला. ज्या राष्ट्राध्यक्षाने कुनियोशींच्या चित्राची थट्टा केली, त्यानेच या कायद्यातल्या अन्यायाला हरकत घ्यावी, आणि ज्या काँग्रेसमध्ये त्यांना परके म्हटले गेले, तिनेच त्यांच्यासाठी दार उघडावे, असा हा चमत्कारिक योग.

कायदा अमलात आला डिसेंबर १९५२ मध्ये. कुनियोशींनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. अमेरिकेत येऊन त्यांना तेव्हा ४६ वर्षे झाली होती आणि पोटाच्या कर्करोगाने ते अंथरुणाला खिळत चालले होते. १४ मे १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला. अर्जावरची कार्यवाही अजून पुरी व्हायची होती.